हळदीतला बेंजो आणि लुई बँक्स यांचा पियानो



गॅदरिंगच्या तयारीत माझ्या हातून एक चूक झाली, तिथूनच सुरुवात करते. चौथीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत आला नि म्हणाला, "मॅडम, मी बेंजो वाजवू?" त्याचे वडील आणि काका कामोठे गावातल्या एका बेंजो पार्टीत वाजवतात. हळदी, साखरपुडे, गणपती हा त्यांचा सीझन. मी पटकन बोलून गेले, "अरे, ते हळदीतलं शाळेत नको. तू समूहगीतात उभा राहा." तो "बरं" म्हणाला आणि गेला. समूहगीत होतं 'मिले सुर मेरा तुम्हारा'.

त्याच संध्याकाळी या गाण्याची माहिती फळ्यावर लिहायची म्हणून वाचायला बसले. 15 ऑगस्ट 1988 रोजी दूरदर्शनवर ते पहिल्यांदा लागलं. शब्द पीयूष पांडे यांचे, सुरुवातीला पंडित भीमसेन जोशींचा आवाज, राग भैरवी. संगीतात दोन नावं: अशोक पत्की आणि लुई बँक्स. पत्कींना आपण 'आभाळमाया', 'वादळवाट'च्या शीर्षकगीतांमुळे ओळखतो. पण लुई बँक्स कोण? मला वाटलं, कुणी परदेशी असावेत.

ते दार्जिलिंगचे निघाले. जन्म 1941 चा, घर नेपाळी, मूळ नाव डंबर बहादुर. आजोबांनी नेपाळच्या जुन्या राजगीताची चाल बांधलेली. वडील ट्रम्पेट वाजवायचे, त्यांचा स्वतःचा बँड होता. त्यांनी स्वतःचं नाव जॉर्ज बँक्स करून घेतलं आणि मुलाला अमेरिकन जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँग यांच्यावरून लुई केलं. मुलगा वडिलांकडेच ट्रम्पेट आणि पियानो शिकला आणि त्यांच्याच बँडमध्ये वाजवू लागला. पुढे काठमांडूची हॉटेलं, मग 1970च्या दशकात कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरचं ब्लू फॉक्स रेस्टॉरंट. लोक जेवतायत, काटेचमचे वाजतायत आणि कोपऱ्यात हे पियानोवर. तिथून मुंबई, आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत पियानो, जाहिरातींच्या जिंगल्स.

हे वाचताना मला आपल्याच स्टाफरूममधलं बोलणं आठवत होतं. "हॉटेलात वाजवणारा" आणि "हळदीत वाजवणारा" यांच्याकडे बघायची आपली नजर एकच नाही का? मी तरी त्या मुलाला त्याच नजरेने बघितलं होतं.

आता थोडं संगीताबद्दल. मी काही गाणं शिकलेली नाही, डी.एड.ला पेटीवर प्रार्थना बसवण्यापुरतं आलं तेवढंच. तरी एक गोष्ट समजली. पियानोची प्रत्येक पट्टी एका ठरलेल्या स्वराची. आपल्या रागसंगीतात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची जी मींड असते, ती पियानोवर निघतच नाही. पेटीचंही तेच. म्हणून तर आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला बाहेर ठेवलं होतं! मग पियानोवाल्याने शास्त्रीय गायकाजवळ बसायचं तरी कसं? बँक्स यांनी मींडेची नक्कल करण्यापेक्षा दोन्हीकडे जे सारखं आहे ते धरलेलं दिसतं. जॅझमध्ये चाल आणि तिच्याखालचे स्वरगुच्छ ठरलेले असतात, बाकीचं वादक त्या क्षणी सुचेल तसं वाजवतो. आपला गायक रागाच्या नियमांत राहून आलाप-ताना घेतो, त्याही जागच्या जागी सुचलेल्या. त्यांच्या 'संगम' या गटात कर्नाटक संगीतातल्या गायिका रमामणी होत्या. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस तर कोलकात्यापासूनचे साथीदार. माइल्स डेव्हिस यांच्या रचना भारतीय वादकांना सोबत घेऊन केलेल्या 'माइल्स फ्रॉम इंडिया' या 2008 च्या अल्बममध्ये बँक्स होते आणि त्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं.

आणि बेंजो? आपल्याकडचा बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचा मोठा, विजेवर चालणारा भाऊ. त्याचं मूळ जपानच्या ताइशोगोतो या वाद्यात आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. जपानी बटणांवर आगरी-कोळी गाणी, मध्येच एखादं हिंदी गाणं, आणि समोर नाचणाऱ्यांचा जोर बघून चाल वाढवायची किंवा लांबवायची. हे मिश्रण नाही तर काय? आम्ही मात्र त्याला "गोंगाट" म्हणून मोकळे.

कामोठ्यात सेक्टरा-सेक्टरात कीबोर्ड क्लास आहेत. पालक भेटले की विचारतात, "मॅडम, ग्रेड परीक्षेला बसवू का?" बसवा, माझी ना नाही. काही पालक म्हणतात, आधी पाया पक्का होऊ दे, मग काय ते वाजवू दे. त्यात तथ्य आहे. बँक्स यांनाही कुणीतरी बोटं कशी ठेवायची ते शिकवलंच. पण त्यांचा पाया वडिलांच्या बँडमध्येच घातला गेला. "आधी बँड सोड, मग पियानो शिक" असं त्यांना कुणी सांगितलं नाही. आमच्या मुलांना आम्ही नेमकं तेच सांगतो. घरातलं गाणं, घरातली बोली, घरातलं वाद्य दाराबाहेर ठेवायचं आणि मग शाळेत यायचं. माझ्या वर्गात सातारचे, कोकणातले, उत्तर प्रदेशचे आणि इथले गावातले, सगळे आहेत. त्यांना चौदा भाषांचं गाणं एका सुरात पाठ करून घेत होते मी, आणि एकाचा सूर त्याच दुपारी बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावलं. म्हटलं, "समूहगीताला बेंजो वाजवशील?" तो आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, जड असतो तो. पप्पांना आणायला सांगू?" शनिवारी शाळा सुटल्यावर वडील रिक्षातून बेंजो घेऊन आले, वर्गाच्या दारातच चपला काढून उभे राहिले. मी दोनदा म्हटलं तेव्हा आत आले. मुलाने गाण्याची चाल मोबाइलवर तीनदा ऐकली आणि पहिल्या दोन ओळींची बटणं स्वतःच शोधून काढली. तिसऱ्या ओळीला अडला, तिथे वडिलांनी बोट धरून दाखवलं. पट्टी मुलींना फार उंच पडतेय, ती खाली आणायची आहे.

मुख्याध्यापकांना अजून सांगितलेलं नाही. कार्यक्रमपत्रिका बुधवारी छापायला जाते, त्याआधी सांगायला हवं.