यंत्रापाशी कोण उभं आहे?
२०१६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हापासून बोलणं होतं ते यंत्रं किती याचं; त्यांच्यापाशी उभ्या असलेल्या परिचारिकेचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास म्हणजे एका रुग्णामागे वर्षाला १५६ फेऱ्या, ६२४ तास आणि फिस्टुलात, म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेत, दर फेरीला दोन याप्रमाणे ३१२ सुया. (खर्चापायी आपल्याकडे अनेक जण दोनच फेऱ्यांवर भागवतात, तो भाग वेगळा.) सुई टोचण्याआधी सिस्टर दंडावर बोटं ठेवून आतली थरथर चाचपते, ती मागच्या वेळेहून मंद आहे हे मागच्या वेळीही तिथेच असलेल्या बोटांना कळतं. म्हणून हात बसतो न बसतो तोच तिची बदली दुसऱ्या वॉर्डात करणं मला निव्वळ उधळपट्टी वाटते. यंत्र तंत्रज्ञही चालवतो, असं कुणी म्हणेल. चालवतो, आणि चांगलं चालवतो. पण एरवी बडबडणारा रुग्ण गप्प होऊन जांभया द्यायला लागला की रक्तदाब उतरतोय, हे ओळखायला माणूस ओळखीचा लागतो. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: एकाच युनिटमध्ये माणूस पिचतो, बढतीही अडते. खरं आहे. मग बढतीची पदं आणि भत्ता त्याच युनिटमध्ये द्या, आणि पिचण्याचं कारणही नीट बघा. पाच वर्षं ज्याला सुई टोचली तो गेला, तरी सकाळच्या पाळीला त्याच खाटेवर नवा रुग्ण असतो, आणि सुई तिलाच टोचायची असते.