सिंफनीला टाळ्या, मग पार्श्वसंगीताचं काय?

८ मार्च २०२५ रोजी लंडनच्या इव्हेंटिम अपोलो सभागृहात रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने इलैयाराजांची ‘व्हॅलियंट’ ही सिंफनी वाजवली. आपल्या तरुणांनी अभिमानाने स्टेटस ठेवले. पन्नैपुरमसारख्या खेड्यातला, दलित कुटुंबात जन्मलेला माणूस वयाच्या ८१ व्या वर्षी गोऱ्यांच्या वाद्यवृंदाकडून स्वतः लिहिलेलं वाजवून घेतो, याचा आनंद आम्हालाही झाला. पण मित्रहो, त्यांचं सगळ्यात मोठं काम त्या सभागृहात नव्हतं. ते हजारावर चित्रपटांच्या संवादांखाली दबून पडलं आहे.

गाणी सगळ्यांना माहीत आहेत. ‘सदमा’ची तर आपल्याकडेही पाठ आहेत. प्रश्न पार्श्वसंगीताचा आहे. ‘मुळ्ळुम मलरुम’ (१९७८), ‘उदिरिप्पूक्कळ’ (१९७९) यांसारख्या चित्रपटांत व्हायोलिनचा एखादा तुकडा नायिका न बोलता जे सांगते ते सांगून जातो. पण हे संगीत स्वतंत्रपणे ऐकायचं म्हटलं तर मिळत नाही. बहुतेक चित्रपटांचं पार्श्वसंगीत कधी कॅसेटवर आलंच नाही. जे आहे ते जुन्या मोनो साउंडट्रॅकमध्ये, पावलांच्या आणि संवादांच्या आवाजात मिसळलेलं. गंमत म्हणजे तमिळ सिनेसृष्टीत पार्श्वसंगीत करण्यालाच ‘री-रेकॉर्डिंग’ म्हणतात. आम्ही मागतो आहोत ते खरोखरचं री-रेकॉर्डिंग: मूळ लिखाणावरून, पूर्ण वाद्यवृंदासह, नव्याने.

हे काही हवेतलं स्वप्न नाही. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने १९६० च्या दशकाअखेरीस आपल्या संगीताचे कागद, म्हणजे पूर्ण स्कोअर आणि वादकांच्या प्रती, कचरा समजून जमिनीच्या भरावात टाकून दिले. पुढे जॉन विल्सन नावाच्या इंग्रज संचालकाने चित्रपट पुन्हा पुन्हा ऐकून एकेका वाद्याची ओळ कानाने उतरवली आणि २००९ मध्ये ते संगीत लंडनच्या प्रॉम्समध्ये वाजवलं. हंगेरियन ज्यू संगीतकार मिक्लोश रोझा यांचे ‘एल सिड’, ‘द थीफ ऑफ बगदाद’ हे स्कोअर प्रागच्या वाद्यवृंदाने संपूर्ण ध्वनिमुद्रित केले. नोटेशन सिद्ध करायला निक रेन नावाचा माणूस बसला होता.

आम्हाला सगळ्यात जवळचं वाटतं ते एल्मर बर्नस्टीन यांचं उदाहरण. स्वतः नावाजलेला संगीतकार. मॅकार्थीच्या काळात डाव्या विचारांमुळे त्यांची मोठी कामं अडवली गेली होती. १९७० च्या दशकात त्यांनी वर्गणीदारांचा एक क्लब काढला आणि विस्मृतीत गेलेल्या स्कोअरच्या रेकॉर्ड काढून टपालाने घरोघर पाठवल्या. बर्नार्ड हरमन यांनी ‘टॉर्न कर्टन’साठी लिहिलेलं आणि हिचकॉकने फेकून दिलेलं संगीत लोकांपर्यंत पोचलं ते त्यांच्यामुळे. वाजवलं कुणी? याच रॉयल फिलहार्मोनिकने. वर्गणी काढून काम उभं करणं आपल्या चळवळीला कुणी शिकवायला नको. विहार आणि पुतळे आपण सरकारच्या पैशावर थोडेच उभे केले.

इथे काही कार्यकर्ते आम्हाला विचारतील, या माणसासाठी कशाला? २०२२ मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी पंतप्रधान मोदींची तुलना बाबासाहेबांशी केली. ती तुलना आम्हाला तेव्हाही मान्य नव्हती, आजही नाही. जातीच्या ओळखीने आपल्याविषयी बोललं जावं हेही त्यांना रुचत नाही. ठीक आहे, तो त्यांचा हक्क. पण त्या प्रस्तावनेवर चिडून चाळीस-पन्नास वर्षांचं संगीत दुसऱ्यांच्या हवाली करणं हा शहाणपणा नाही. टीकाही करू आणि वारसाही सांभाळू. दोन्ही एका दमात जमतं.

कारण दुसरे त्याचं काय करतात ते पाहा. ‘दैवी देणगी’, ‘सरस्वतीचा वरदहस्त’ असं म्हणून मोकळे होतात. वरच्या जातीतला कलावंत असला की त्याचं घराणं, गुरू, रियाजाचे तास सांगितले जातात. आपला असला की चमत्कार! हा माणूस किशोरवयात थोरल्या भावाच्या, पावलर वरदराजन यांच्या, गाण्याच्या फडाबरोबर कम्युनिस्ट पक्षाच्या सभांतून गावोगाव फिरला. मद्रासला धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य नोटेशन शिकला, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची गिटारची परीक्षा दिली, जी. के. व्यंकटेश यांच्या हाताखाली राबला आणि १९७६ ला ‘अन्नक्किळी’ मिळाला. यात चमत्कार कुठे आहे? शिक्षण आहे. लिहिलेला स्कोअर वाद्यवृंदासमोर ठेवला की हे शिक्षण कुणालाही नाकारता येत नाही. काउंटरपॉइंट कुठे कसा रचला ते कागदावर दिसतं.

मुंबईचा अनुभव वाईट आहे, म्हणून घाई हवी. हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी कागदावर मांडला, आणि पडद्यावर मोठं नाव दुसऱ्याचं लागलं. निदान इलैयाराजांच्या बाबतीत नाव आणि लेखणी एकाच माणसाची आहे. ते हयात आहेत. एखादी ओळ अस्पष्ट असेल तर विचारता येते. हक्कांचे त्यांचे कंपन्यांशी कोर्टातले वाद जगजाहीर आहेत, त्यामुळे परवानगीशिवाय एक पाऊलही टाकता येणार नाही. पण आपल्या श्रमाची मालकी मागणाऱ्या माणसाला लोभी म्हणणाऱ्यांच्या रांगेत आपण उभं राहू नये.

सुरुवात कुठून? आमचं मत ‘तारै तप्पट्टै’ (२०१६) या चित्रपटाला. हा त्यांचा हजारावा म्हणून गाजावाजा झालेला, पार्श्वसंगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, तरी तमिळनाडूबाहेर फारसा कुणी न पाहिलेला चित्रपट. कथा लोककलावंतांची. नावातच तुतारीसारखं तारै आणि चामड्याचं तप्पट्टै, म्हणजे ज्या परैवरून एका अख्ख्या जातीला नाव पडलं त्याच कुळातलं वाद्य. अडचणही इथेच आहे. व्हायोलिनवाला कागद वाचेल, परै वाजवणाऱ्याचा हात कागदावर उतरत नाही. त्याला गावातून बोलवावं लागेल, प्रागच्या वादकाइतकंच मानधन द्यावं लागेल, आणि अल्बमच्या वेष्टनावर संचालकाच्या नावाखाली त्याचं नाव, गावासकट, छापावं लागेल.