रमजानची बेगमी

‘बेगमी’ हा शब्द मराठी घरांना नवा नाही. पावसाळा तोंडावर आला की तांदूळ, मिरची-मसाला, सुकी मासळी, सरपण भरून ठेवायचे, ही अगोटीची बेगमी. शब्द फारसीतून आला आहे. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे चिंता. कोठी भरलेली आहे, आता घोर नाही, असा त्याचा मूळ भाव. रमजानच्या महिन्यात मुस्लिम घरांतही अशी बेगमी होते. फरक इतकाच, की कणगी आणि बरण्यांची जागा आता फ्रीजरने घेतली आहे. या बेगमीने चिंता खरोखर कमी होते का, आणि होत असेल तर कुणाची, हे मात्र तपासून पाहायला हवे.

इस्लामी महिने चंद्रावर चालतात. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०१६ मध्ये तो जूनमध्ये सुरू झाला होता. दिवस मोठा आणि कडक होता. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आला, म्हणजे ऐन परीक्षांच्या आणि कचेरीतल्या मार्चअखेरच्या धांदलीत. दिवस लहान झाल्याने उपवास थोडा सोपा झाला. पण महाराष्ट्रात या दिवसांत सूर्यास्त साडेसहा-पावणेसातच्या सुमारास होतो. परीक्षेचे पर्यवेक्षण आटोपून येणारी शिक्षिका, पाळी संपवून निघालेली परिचारिका किंवा बँकेतली कर्मचारी सहाला घरात पाऊल टाकते, तेव्हा इफ्तारला पाऊण तासही उरलेला नसतो. तिचा स्वतःचाही रोजा असतो. इफ्तारनंतर नमाज, मग जेवण, रात्री तरावीहची नमाज, भांडी आणि पहाटे चारच्या सुमारास सहरीसाठी पुन्हा चूल. कामाचा आठवडा असा गेला, की सगळ्यात आधी कापली जाते ती झोप.

म्हणूनच रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात घरोघरी तयारी सुरू होते. समोसे, रोल, कटलेट, कबाब शेकड्यांनी वळून फ्रीजरमध्ये जातात. बाजारात समोशाच्या पट्ट्या तयार मिळतात. अनेक बायका घरी असे पदार्थ करून विकतात आणि त्यावर चार पैसेही मिळवतात. यात वावगे काही नाही. मात्र यातले बहुतेक पदार्थ शेवटी कढईतच उतरायचे असतात. तेरा-साडेतेरा तास रिकाम्या राहिलेल्या पोटात रोज तळण गेले, की जळजळ, जडपणा आणि वाढलेले वजन घेऊन माणूस ईदला पोहोचतो. शिवाय महिनाभराचे कष्ट वाचवण्यासाठी शाबानमध्ये महिनाभर कष्ट केले, तर कष्ट कमी झाले नाहीत, नुसते अलीकडे सरकले. फ्रीजर भरला म्हणून दस्तरखानावर चार पदार्थ वाढले, तर त्याला बेगमी म्हणता येणार नाही. खाण्यापिण्यातला ‘इसराफ’, म्हणजे उधळपट्टी, इस्लामला नापसंत आहे. ती वेळेची आणि अंगमेहनतीची असली तरी उधळपट्टीच.

यापेक्षा शहाणपणाचा मार्ग म्हणजे तयार पदार्थांऐवजी जेवणाचा पाया गोठवणे, आणि तोही एका आठवड्यापुरता. रविवारी तीन तास बसून शिजवलेले काबुली चणे, राजमा किंवा चवळी, परतलेला कांदा-टोमॅटोचा मसाला, आले-लसणाचे वाटण, मटार घातलेला खिमा एवढे तयार होते. चणाडाळ आणि खिम्याचे शामी कबाब गोठवता येतात आणि चमचाभर तेलात तव्यावर शेकता येतात. गहू, डाळी आणि मांसाचा खिचडा सहरीला उत्तम. पोटात सावकाश पचतो, भूक लवकर लागू देत नाही. अर्धवट भाजलेल्या चपात्या मध्ये कागद घालून ठेवल्या, तर पहाटे कणीक मळावी लागत नाही. फरसबी, गाजर, फ्लॉवर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून लगेच गार पाण्यात टाकावे, निथळावे आणि मग गोठवावे. भाजीचा रंग आणि चव बिघडवणारी रासायनिक क्रिया त्याने थांबते. मग संध्याकाळी सहाला करायचे काम उरते ते एवढेच: चणे गरम करणे, कांदा-काकडी चिरणे, लिंबू पिळणे, खजूर आणि फळे मांडणे.

‘पण हे शिळे नाही का?’ असा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, आणि तो रास्त आहे. ताज्या अन्नाचा आग्रह मराठी घरांत धर्म पाहून बदलत नाही. शिळे अन्न बिघडते ते उबेत वाढणाऱ्या जंतूंमुळे. उणे १८ अंश सेल्सिअसला ही वाढ थांबते. जंतू मरत मात्र नाहीत, ऊब मिळताच पुन्हा जागे होतात. म्हणून सगळी मदार आहे ती अन्न आत कसे जाते आणि बाहेर कसे येते यावर. अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी कॅनडाच्या लॅब्रेडॉर भागात पाहिले, की कडाक्याच्या थंडीत झटकन गोठलेला मासा नंतर ताज्यासारखा लागतो. त्यावरून १९२० च्या दशकात त्यांनी जलद गोठवणीचे यंत्र तयार केले. गोठण जलद झाली की बर्फाचे कण बारीक राहतात आणि अन्नाचा पोत मोडत नाही. घरात हेच साधायचे तर मोठा डबा भरण्याऐवजी एका वेळेपुरत्या चपट्या पिशव्या कराव्यात.

बाकीचे नियमही सोपे आहेत. शिजवलेले अन्न पसरट भांड्यात काढून लवकर गार करावे आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. ओट्यावर रात्रभर राहिलेले अन्न गोठवून सुधारत नाही. रस्सा किंवा डाळ काठोकाठ भरू नये, कारण पाणी गोठताना फुगते. प्रत्येक पिशवीवर तारीख घालावी. उद्याच्या सहरीची पिशवी इफ्तारनंतरच खालच्या कप्प्यात काढून ठेवावी, आणि खाण्याआधी वाफा येईपर्यंत सगळीकडून गरम करावी. एकदा गरम केलेले पुन्हा गोठवू नये. बटाटा गोठवला की रवाळ होतो, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो, काकडी पाणी सोडते, दही फुटते. या वस्तू ताज्याच बऱ्या. एकदारी लहान फ्रीजच्या बर्फकप्प्यात उणे १८ अंश थंडी नेहमी टिकत नाही, तेव्हा तिथे आठवड्याच्यावर काही ठेवू नये. वीज गेली तर दार उघडू नये. गच्च भरलेला फ्रीजर साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी काय आणि किती खावे, हे रमजानआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

फ्रीजर नसलेल्या घरांचे काय? गावातल्या कितीतरी मोहल्ल्यांत आणि वाड्यांत फ्रीजच नाही, किंवा विजेचा भरवसा नाही. त्यांच्यासाठी जुनी बेगमी आजही पुरी पडते. भाजणीचे पीठ, सातूचे पीठ, भाजलेले चणे, शेवया, खजूर, कोरडे मसाले यांना थंडी लागत नाही. उन्हात शेवया वाळवणारे हात मुस्लिम घरात असतात तसेच शेजारच्या हिंदू घरातही असतात. एक खाट ईदच्या शीरखुर्म्यासाठी, दुसरी सणावारच्या खिरीसाठी.

आणि शेवटी, पिशव्या भरणार कोण? तीन तासांचा रविवारही घरातल्या एकाच बाईच्या वाट्याला आला, तर तिची सुट्टी गेली आणि बेगमी झाली ती इतरांची. चणे निवडणे, भाज्या चिरणे, तारखा घालणे, रात्री आठवणीने पिशवी खाली काढणे, यातले एकही काम पुरुषाला किंवा मोठ्या मुलाला न जमणारे नाही. प्रेषित मुहम्मद घरी असताना घरच्यांच्या कामात हात लावीत आणि नमाजची वेळ झाली की उठत, असे हजरत आयेशा यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये नोंदलेले आहे. रमजानात रोज मशिदीत जाणाऱ्या घरात ही सुन्नत स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायला हरकत नसावी.

नोकरी करून घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईचा आठवडा याहून वेगळा नाही. रोजा असो वा नसो, सोमवारचा डबा सगळ्यांनाच भरायचा असतो. दिवाळीच्या फराळात आणि शाबानच्या समोशात रात्र जागवणारी बाई एकच आहे. रविवारच्या त्या तीन तासांनी तिला आठवड्यात रोज अर्धा तास झोप जास्त मिळाली, इबादतीला किंवा नुसते बसायला निवांतपणा मिळाला, तरच ती बेगमी खरी.