दातांची कळ आणि मिश्री

माठातल्या पाण्याचा घोट घेतला की दातांतून सळकन कळ जाते. नांदेड-लातूरच्या खेड्यांत कितीतरी बायका त्यावर मिश्रीच घासतात आणि दुखणे वाढवून घेतात. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात झिजवते, हिरड्या मागे सरकतात, आतल्या डेंटिनच्या सूक्ष्म नळ्या उघड्या पडतात. कळ येते ती तिथून.

टूथपेस्टमधला पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा, 5 टक्के प्रमाणात दाताची नस शांत करतो. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे रोज घासावे लागते. हायड्रॉक्सिअपेटाइट आणि कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट त्या नळ्यांची तोंडे बुजवतात. फ्लोराइडने दात बळकट होतात, पण किनवट तालुक्यात बोअरच्या पाण्यातच ते जास्त आढळले आहे. तिथे लहानग्यांच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट हवी, तीही न गिळता.

कीड लागलेल्या दाताला यातली कोणतीच पेस्ट पुरणार नाही. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे दंत महाविद्यालये आहेत. त्यांची तपासणी शिबिरे गावच्या आठवडी बाजारात भरावीत आणि पहिला प्रश्न मिश्रीचा विचारला जावा.