हाडांचं खापर वयावर फोडू नका

‘वय झालं की कंबर वाकायचीच, त्याला काय औषध?’ नांदेड-लातूरकडे हे वाक्य लेक म्हणतो, शेजारीण म्हणते, कधी कधी डॉक्टरही मान डोलावतात. मला ते मुळीच मान्य नाही. ज्या बायकांविषयी हे बोललं जातं त्यांचं वय विचारा. पन्नाशीही न गाठलेल्या कितीतरी निघतील. मग दुसरा प्रश्न विचारा : पिशवी कधी काढली?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. आकडा बीडचा आहे. पण कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूरच्या वाड्या-तांड्यांवरूनही दरसाल कोयते जातातच. खाडा पडला की पैसे कापतात, अंगावरून जाणं थांबत नाही, त्यात ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ ही भीती. तिशीतली बाई ऑपरेशनला तयार होते. काही वेळा ते खरोखर गरजेचंही असतं. पण पिशवीबरोबर बीजाशयंही काढली, तर हाडांना जपणारं इस्ट्रोजेन एकदम आटतं. ती ठेवली तरी लवकर थकण्याचा धोका राहतो. पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सर्वांत वेगाने झिजतात. ती वर्षं पस्तिशीतच ओढवली, तर त्यात वयाचा काय दोष?

‘राबणाऱ्या बाईची हाडं दणकट असतात,’ असंही ऐकवलं जातं. यात तथ्य आहे; चालणं, ओझं उचलणं हाडाला हवंच असतं. पण बांधकामाला नुसते मजूर पुरत नाहीत, मालही लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेलेल्या स्त्रीला १,२००. शंभर ग्रॅम ज्वारीत ते तीसही नसतं. घरचं दूध डेअरीला जातं, उरलेलं चहाला. तिळात कॅल्शियम भरपूर; पण तीळ संक्रांतीपुरतेच का? जेवताना रोज चमचा-दोन चमचे तिळाची चटणी आणि वाटीभर दही बाईच्याही ताटात पडायला काय हरकत आहे?

आणि ऊन? ते भरपूर आहे हे खरं. पण फडात बाई साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, डोक्या-तोंडाला रुमाल गुंडाळते. पाचट कापतं म्हणून तिला ते घालावंच लागतं. ड जीवनसत्त्व कातडीत तयार होतं, शर्टात नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे कमतरता कशी असेल?’ हे विचारणंच चुकीचं आहे.

सगळ्यांत घातक सल्ला म्हणजे ‘पडशील, बाजेवर बसून राहा’. बसून राहिलं की स्नायू जातात, तोल जातो आणि मोरीपर्यंत जातानाच बाई पडते. मोरीतली शेवाळलेली फरशी घासा, भिंतीला धरायला दांडा लावा, रात्रीचा दिवा ठेवा, आणि तिला चालू द्या.

तपासणीचं मशीन तालुक्याला नाही म्हणून उपचार लांबवण्याचंही कारण नाही. उतारवयात चालता चालता घसरून खुबा मोडला, तर हाडं ठिसूळ झाल्याचं तेवढ्यावरूनच धरून चालतात. रॉड टाकून घरी पाठवलं की काम अर्धंच झालेलं असतं. दुसरं हाड मोडू नये म्हणून औषध सुरू व्हायला हवं. आठवड्याची गोळी मिळाली, तर ती कशी घ्यायची हेही कुणी नीट सांगावं. सकाळी चहाच्या घोटाबरोबर गिळून पुन्हा आडवं झालं, तर ती अंगी लागत नाही, वर अन्ननलिका पोळते. अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं, आडवं व्हायचं नाही.

विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयापासून जळकोटच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत, पाठ-कंबर दुखते म्हणून आलेल्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर दोन रकाने असावेत : पिशवी कोणत्या वर्षी काढली, आणि बीजाशयं ठेवली का. चाळिशीच्या आत दोन्ही काढलेली असतील, तर नेहमीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देता येईल का, याचा विचार त्याच भेटीत व्हावा. दुखण्याची गोळी देऊन तिला परत पाठवू नये.