पांढऱ्या अंगाची इरकल

यशवंतपूर व त्याच्या आसपास वसलेल्या आमच्या मराठी मंडळींत एक वाद वरचेवर कानी येतो. एखादी सूनबाई सणासमारंभास पांढऱ्या वा फिकट अबोली अंगाची इरकल नेसून आली की वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी नाक मुरडतेच. इरकल म्हणजे डाळिंबी, हिरवी, फार तर काळी. बाकी सारा बाजार, असे या मंडळींचे म्हणणे. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. त्यांचे म्हणणे मात्र आम्हांस मुळीच मान्य नाही, कारण ते अखेरीस विणकराच्या पोटावर येते.

असाच वाद स्कॉटलंडातील टार्टन नावाच्या चौकडीच्या कापडाविषयी होत आला आहे. एखाद्या कुळाची नेहमीची चौकडी गडद असावयाची. तिचाच एक रंग काढून तेथे पांढरा घालावयाचा, की झाला समारंभाचा ‘ड्रेस’ टार्टन. कित्येक निष्ठावंत त्यास भ्रष्टाचार म्हणतात. पण ज्या मूळ चौकडीसाठी ते कंठशोष करतात, तिची वंशावळ काय आहे? 1746 च्या कायद्याने डोंगरी पुरुषांच्या त्या वेषावर बंदी आली, ती 1782 साली उठली. 1822 साली चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हा जो तो आपल्या कुळाची चौकडी शोधू लागला. बॅनकबर्नच्या विल्सन नामक विणकर पेढीने तोवर कित्येक नमुने नुसत्या क्रमांकांनी विकले होते. त्यांतील काहींना पुढे कुळांची नावे मिळाली. 1842 साली राजवंशाचा दावा सांगणाऱ्या दोघा भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या आधारे म्हणून एक ग्रंथ काढला. ते हस्तलिखित बनावट ठरले, तरी त्यातील चौकड्या आजही अभिमानाने नेसल्या जातात! उलट ज्या पांढऱ्याला नावे ठेवायची, ते पांढरे अंग तेथील स्त्रियांच्या ‘अरिसेड’ या जुन्या पांघरुणात होतेच.

आता इरकलीकडे वळू. तिचे इरकलपण रंगात नाही, बांधणीत आहे. अंगाचा ताणा बहुधा सुती. पदराचा ताणा तांबड्या रेशमाचा, आणि तो वेगळा. हे दोन ताणे मागावर कोंड्यांनी, म्हणजे दोऱ्याच्या फाशांनी, एकमेकांत अडकवून जोडावे लागतात. म्हणून अशा पदराच्या प्रत्येक लुगड्याचा ताणा स्वतंत्र करावा लागतो. पदर लावून घेतलेले लुगडे घाऊक थानासारखे सरसकट विणता येत नाही. त्या पदराचे नाव तोपतेनी. तेनी म्हणजे कणीस. तांबड्या भूमीवर पांढरी जोंधळ्याची कणसे, फणीचे दात, किल्ल्याच्या तटाचे कंगोरे अशी ती नक्षी. काठ चिक्कीचा असो वा गोमीचा, ही जोडणी जोवर आहे तोवर अंग पांढरे असले म्हणून काय बिघडले? सुताचा रंग बदलला, विणकराचे कसब तेच राहिले.

खरे पाहता आक्षेपाचे मूळ निराळेच आहे. सवाष्णीने पांढरे नेसू नये, ही ती समजूत. उघड बोलण्याचा संकोच वाटतो म्हणून तिला परंपरेचे नाव द्यावयाचे. या मंडळींस आम्ही इतकेच विचारतो, की आपल्याच घरांतील केशवपन केलेल्या विधवांच्या अंगावरचे आलवण कोणत्या रंगाचे होते? ते तांबडे होते. त्यामुळे तांबड्या पदरास कोणी अशुभ मानले नाही, आणि मानू नये. मग पांढऱ्यावरच हा कोप का?

आणखी एक गोष्ट, जी परमुलखात नोकरी करणाऱ्यांस सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. आपण जिला आपली इरकल म्हणतो, ती इळकलची आहे. नावाचा उच्चारसुद्धा आपण आपल्या सोयीने फिरवला. तो गाव 1956 पर्यंत मुंबई राज्याच्या विजापूर जिल्ह्यात होता, आज बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील मागावरची भाषा कानडी आहे. हुबळीकडून यशवंतपूरच्या फलाटावर उतरणाऱ्या बायांच्या अंगावर हेच लुगडे दिसते, आणि त्यांना कोणी मराठी म्हणत नाही. ज्यांनी ते विणले त्यांना रंग निवडण्याचा अधिकार नाही, आणि ज्यांनी केवळ नेसले त्यांनी तो ठरवावा, हा न्याय कुठला?

निष्ठावंतांना रागवायचेच असेल तर त्यासाठी जागा आहे. यंत्रमागावर सलग विणलेले किंवा नुसते छापलेले कापड इरकल म्हणून विकले जाते. त्याचे अंग अगदी डाळिंबी असते, म्हणून ते आमच्या वडीलधाऱ्यांच्या परीक्षेत बिनबोभाट उतरते! इळकलच्या साडीस 2007 साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. स्कॉटलंडातही 2009 पासून टार्टनची सरकारी नोंदवही आहे, आणि तिच्यात दोऱ्यांची मोजदाद नोंदवावी लागते. आमच्या दुकानांत मात्र घडीसुद्धा कोणी उलगडून पाहत नाही. ती उलगडावी. पदराजवळ उभे दोरे निरखावेत. अंगाचेच दोरे पदरात सरळ शिरले असतील तर लुगडे कितीही डाळिंबी असो, ते परत करावे. ते दोरे कोंड्यांपाशी थांबून तेथून तांबडे रेशीम सुरू होत असेल तर अंग पांढरे असले तरी विणकराचे दाम घासाघीस न करता मोजावे.