डिस्कवरील जागेचा हिशेब

एकत्र कुटुंबांत संगणक एक आणि त्यावर हक्क सांगणारे दहा, ही स्थिति आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाची असेल. जागा संपल्याची सूचना पडद्यावर उमटली कीं पहिली कुऱ्हाड बहुधा आजोबांच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रणांवर पडते. त्यांची बाजू घेणारें कोणी जवळ नसतें. न मोजतां दिलेला हा निकाल आम्हांस अन्यायाचा वाटतो. मोजण्याचें साधन कांहीं नवें नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत निर्माण झालेल्या युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्याच आवृत्तींत ‘डीयू’ ही आज्ञा होती, व लिनक्समध्यें ती आजहि चालते.

टर्मिनलवर ‘डीयू’, त्यापुढें आडवी रेघ देऊन ‘सी’ व ‘एच’ हीं अक्षरें, आणि मग तारका, टिंब व ‘एमपी३’ असें लिहावें. त्या फोल्डरांतील तेवढ्याच जातीच्या फायलींनीं अडविलेली जागा मिळते. ‘एच’मुळें आंकडे सुबोध होतात, ‘सी’मुळें अखेरीस बेरीज येते. पोटफोल्डरांत मात्र ही तारका शिरत नाहीं. तेथें ‘फाइंड’ या आज्ञेनें नांवें हुडकून तीं ‘डीयू’च्या हवालीं करावीं लागतात.

येथें एक मौज आहे. फाईलीची लांबी निराळी आणि तिनें व्यापलेली जागा निराळी. ‘डीयू’ दुसरी मोजते. एक्स्ट४ रचनेंत जागा सामान्यतः ४०९६ बाइटांच्या ठोकळ्यांनीं वांटली जाते, म्हणून चार अक्षरांची चिठ्ठीहि अख्खा ठोकळा अडविते. डब्यांत मूठभर डाळ असली तरी फळीवरची जागा डब्याचीच जाते, तसेंच हें. शिवाय एकाच मजकुरास ‘हार्ड लिंक’नें दोन नांवें दिलीं असतील, तर ‘डीयू’ तो एकदांच मोजते. त्यांतलें एक नांव पुसून तसूभरहि जागा सुटत नाहीं.

आतां आजोबांचा खटला पाहूं. सेकंदास ६४ हजार बिट या वेगानें केलेलें तासभराचें ध्वनिमुद्रण २८.८ मेगाबाइट भरतें. भाच्याच्या मोबाईलनें सेकंदास ४८० लाख बिट या वेगानें टिपलेला लग्नाच्या वरातीचा व्हिडिओ पांच सेकंदांतच ३० मेगाबाइट खातो. वरात पाऊण तास चालली होती!